टाकीचं झाकण

"अण्णा, पुन्हा ओघळतंय," फाटकावरचा रखवालदार लांबूनच ओरडला. "भाजून घ्याल एक दिवस."

अण्णांनी मशीन बंद केलं. शाळेच्या मैदानावरचं अर्धं गवत कापून झालं होतं, अर्धं तसंच उभं होतं. टाकीच्या झाकणाखालून पेट्रोल झिरपत तापलेल्या इंजिनाकडे निघालं होतं. त्यांनी ते फडक्याने पुसलं, झाकण पुन्हा पिळलं, मशीन जरा कलतं केलं. पेट्रोल आलंच.

परवा सामने होते. आतलं वायसर बदलून झालं होतं, काल नवंकोरं झाकणही आणलं होतं, तरी रडगाणं संपत नव्हतं. जेवताना, अंघोळ करताना, अण्णांचं मन त्या झाकणापाशीच घुटमळत होतं.

"माल गळ्यात मारला मेल्याने," असं पुटपुटत त्यांनी मशीन हातगाडीवर चढवलं आणि झाकण घेतलेलं दुकान गाठलं.

दुकानातल्या मिस्त्रीने झाकण काढून आट्यावरून बोट फिरवलं, परत लावून पिळलं आणि मशीन चांगलं आडवं केलं. एक थेंब बाहेर आला नाही.

"आता तुम्ही लावा, अण्णा."

अण्णांनी दात आवळून पिळलं. मनगटाची शीर वर आली. मशीन कलताच धार लागली.

मिस्त्रीची नजर झाकणावर नव्हती. ती अण्णांच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी होती. तिथलं मांस ओसरून खळगा पडला होता. अण्णांनी हात खिशात घातला.

"गारठ्याने होतं असं कधीकधी," मिस्त्री हळूच म्हणाला.

बाहेर ऊन मी म्हणत होतं.

घरी आल्यावर अण्णा बसले नाहीत. खिडकी उघडली, लावली, चपला सरळ केल्या, पुन्हा उठून पाणी प्यायले. डाव्या हाताची दोन बोटं तरुणपणीच मशीनच्या पट्ट्यात सापडून आखडली होती. आजवरचं सगळं काम उजव्याच्या जिवावर चाललं होतं.

"काय झालंय?" बायकोने विचारलं.

"नाचता येईना, अंगण वाकडं. झाकण चांगलं होतं. माझाच हात गेलाय."

ती भाजी चिरायची थांबली नाही. "ठाऊक आहे मला."

"केव्हापासून?"

"तुम्ही कप दोन्ही हातांनी धरायला लागलात तेव्हापासून. बरण्यांची झाकणं मी मुद्दाम सैल ठेवते."

अण्णांना राग आला, पण कोणावर ते कळेना. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही तेव्हाच डॉक्टरकडे आला असतात?"

अण्णांनी खिडकी पुन्हा उघडली. मग म्हणाले, "राहिलेलं गवत उद्या कापायला हवं. दुसऱ्या कोणाला सांगितलं, तर सगळीकडे बोभाटा होईल."

"मी येते. पण सामने झाले की आपण दवाखान्यात जायचं. तेव्हा सबबी नकोत."

इतक्या वर्षांत ती त्या मैदानावर कधी आली नव्हती. सकाळी अण्णांनी टाकी भरली, झाकण आट्यावर टेकवलं आणि हात बाजूला घेतला. तिने पदर खोचला आणि एकाच झटक्यात झाकण पिळून बसवलं.

"एवढंच?"

"एवढंच," अण्णा म्हणाले.

तिने हाताचा वास घेऊन नाक मुरडलं. मग कापलेल्या भागावर पाय पडू नये म्हणून कडेकडेने जाऊन ती कुंपणापाशी उभी राहिली. अण्णांनी मशीन सुरू करायच्या दोरीच्या मुठीत बोटं अडकवली आणि खांद्याच्या जोराने ओढली. इंजिन धडधडलं. दोन्ही तळवे दांड्याला टेकवून ते पुढे निघाले.

पहिला पट्टा किंचित वाकडा गेला. तो सरळ करायला ते मागे वळले नाहीत. टोकाला पोहोचून त्यांनी मशीन फिरवलं आणि दुसरा पट्टा धरला.