दोन नाकांचा चष्मा

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे आणि आजवर दोन नाकांवर बसलो आहे. पहिलं नाक गुरुनाथकाकांचं. नेपरव्हिलच्या एका दुकानातून त्यांनी मला घेतलं, तेव्हा त्यांना पन्नास पूर्ण झाली होती. काका इंजिनिअर. शिकागोच्या ट्रेनमध्ये मला लावून पेपर वाचायचे. "याच्याशिवाय माझं पान हलत नाही," असं चारचौघांत सांगायचे. काय मिरवलो मी! पुढे त्यांचा नंबर वाढला आणि माझी रवानगी ड्रॉवरमध्ये, संपलेल्या सेलांशेजारी. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

दुसरं नाक मालिनीकाकूंचं. त्या काकांपेक्षा बारा वर्षांनी लहान. २००६ साली त्यांनी पन्नाशी गाठली, सुईत दोरा जाईना, म्हणून मला शोधून काढलं. काकांचा जुना नंबर त्यांना आता अगदी बरोबर बसला!

त्याच वर्षी काका बासष्टचे झाले. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी कोण लागणार?" म्हणत त्यांनी नोकरी सोडून सोशल सिक्युरिटीचं, म्हणजे अमेरिकन सरकारचं, पेन्शन लगेच घ्यायचं ठरवलं, फॉर्मही भरला. सोबतचं पत्रक मात्र काकूंनी शेवटपर्यंत वाचलं. आत्ता घेतलं, तर रक्कम जन्मभर कमी; सहासष्टाव्या वर्षी घेतलं, तर पूर्ण. काकूंनी कधी नोकरी केलेली नाही, म्हणजे काकांच्या माघारी त्यांना काकांचंच पेन्शन, आणि तेही कमीच मिळणार.

पण हे बोलायचं कसं? नवऱ्याच्या मरणाचा विषय आपल्याकडे बायको तोंडातून काढत नाही. दोन दिवस काकू पत्रक उघडायच्या आणि मिटायच्या. मला असा राग आला! अहो, बोला ना! पण चष्म्याचं कोण ऐकतं?

तिसऱ्या दिवशी काका फॉर्मचं पाकीट पोस्टात टाकायला निघाले. काकू दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"अहो, तुमच्यानंतर मी कशावर जगू?"

"शुभ बोल गं! हे काय भलतंच?"

"बारा वर्षांचं अंतर शुभ बोलून भरून निघणार आहे का? आपला अर्णव सांभाळेलच मला. पण मुलापुढे हात पसरायची वेळ आणू नका माझ्यावर."

काका बूट काढून टेबलाशी बसले. "वाच तू," म्हणाले. काकूंनी सगळं वाचून दाखवलं.

"मी माझ्यापुरतंच वाचलं होतं गं," काका म्हणाले आणि त्यांनी पाकीट फाडलं. "थंडीत ट्रेन पकडायचा कंटाळा आला होता, एवढंच. काढतो आणखी चार वर्षं."

मित्रांनो, आपल्या माणसाशी अवघड बोलायचं असेल ते वेळेवर बोला. आणि चष्मा शर्टाने पुसू नका, काचेला चरे पडतात. त्या दिवशी काकूंच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर सांडलं, तेव्हा काकांनी मला शर्टानेच पुसलं. एक चरा पडलाच. असू दे.