टिटवीची उलटी सही

मी एक जुना कॅमिओ आहे आणि सध्या माझी मान भलतीच ताठ आहे! कॅमिओ म्हणजे काय ते माहीत नसेल, तर मित्रांनो, लाजू नका. मी समुद्रातल्या एका जाड शिंपल्याचा तुकडा. माझा वरचा थर दुधासारखा पांढरा आणि खालचा तपकिरी. वरच्या थरात चेहरा कोरायचा, आजूबाजूचा पांढरा भाग खरवडून तपकिरी रंग उघडा करायचा, की झाला कॅमिओ. माझ्यावर एका मुलीचा चेहरा आहे. केस वाऱ्यावर उडताहेत आणि नाक जरासं नकटं आहे. त्या नाकाला आजवर पुष्कळांनी नावं ठेवली. मला मात्र ते फार आवडतं.

मला घडवलं एका मुलीनं. तिचे वडील शिक्के कोरायचे. पाकिटावर गरम लाख ओतून त्यावर दाबतात ना, ते शिक्के. त्यावरची अक्षरं उलटी कोरावी लागतात, तेव्हा कुठे ती लाखेवर सुलटी उमटतात. मुलगी लहानपणापासून वडिलांच्या शेजारी त्याच कामाला बसलेली, त्यामुळे उलटी अक्षरं म्हणजे तिच्या हातचा मळ. हाताबरोबर तोंडही अखंड चालायचं, म्हणून वडील तिला टिटवी म्हणायचे.

एक दिवस टिटवीनं ठरवलं, आपण चेहरा कोरायचा.

"शिंपला ठिसूळ असतो गं," वडील म्हणाले. "तो तुझं काही ऐकून घेणार नाही."

"तुम्ही तरी कुठे घेता, बाबा? तरी आपलं जमतंच ना!"

तिनं मला लाखेनं एका लाकडी दांड्यावर चिकटवलं आणि बारीक पोलादी कोरणी हातात घेतली. काय सांगू मित्रांनो, फार दुखलं! मध्येच केसांची एक बट तुटली. टिटवीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तिनं नाक ओढलं आणि उरलेले सगळेच केस वाऱ्यावर उडवून दिले. आज लोक त्याच केसांचं कौतुक करतात!

शेवटी खांद्याच्या खाली, अगदी कडेला, तिनं सही कोरली. वडिलांनी भिंगातून पाहिलं आणि ते पोट धरून हसायला लागले. "अगं टिटवे, उलटी कोरलीस की! हा काय लाखेवर दाबायचाय?"

सवयीचा हात, दुसरं काय. टिटवीचा चेहरा एवढासा झाला. सही खरवडावी, तर खांदा फुटायची भीती.

"राहू दे," ती म्हणाली. "ज्याला वाचायची असेल, तो वाचेलच."

पुढे मी विकला गेलो. कितीतरी गळ्यांपाशी मिरवलो. मग कुणाला तरी माझी बारीक किनार जुनाट वाटली आणि मला सोन्याचं रुंद कोंदण बसवलं गेलं. त्याखाली टिटवीची सही झाकली गेली. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण पुढच्या एका दुकानदारानं माझ्या पाठीवर एका नामांकित कारागिराचं नाव खरडलं, का, तर गिऱ्हाईक भुलावं म्हणून. मला ओरडावंसं वाटलं. पण कॅमिओला तोंड असतं ते नुसतं दाखवायला.

त्या दुकानातून मला एका आजीनं घेतलं. तिनं मला फार जपलं. समारंभाला जाताना मला लावायची आणि माझी पाठ वळवून ते नाव कौतुकानं दाखवायची. ती गेल्यावर मी तिच्या मुलीकडे आलो. तिला घरात सगळे आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्याच म्हणतो. गावातल्या संग्रहालयात जुन्या कोरीव कामाचं प्रदर्शन भरणार होतं. आत्या मला ऐटीत तिथे घेऊन गेली. तिथल्या तज्ज्ञ बाईंनी मला भिंगाखाली धरलं.

"हे नाव मागाहून कोरलंय," त्या हळूच म्हणाल्या. "रेघांच्या कडा अजून धारदार आहेत आणि आत मळ बसलेला नाही. आम्हाला हे त्या कारागिराचं म्हणून मांडता येणार नाही."

आत्या घरी आली ती तणतणतच. "आई जन्मभर खोटी वस्तू मिरवत होती म्हणायची! लोक हसत असतील तिला. ते नाव घासूनच टाकते. आणि कोंदण मोडून अंगठी करते."

"आणि कॅमिओ?" तिच्या भाचीनं विचारलं. ही भाची शाळेत जाते आणि हट्टात टिटवीची सख्खी बहीण शोभेल.

"पडेल कपाटात!"

सोनारकाका आले. त्यांनी कोंदण अलगद उकललं आणि कितीतरी वर्षांनी माझ्या कडेला हवा लागली. भाची लगेच वाकली. "आत्या, थांब! इथे काहीतरी लिहिलंय!"

आत्यानं भिंग लावलं. "हे लिहिलंय? कोंबडीनं उकिरडा उकरलाय."

"पण या रेघांत मळ बसलाय बघ. त्या बाई काय म्हणाल्या होत्या? म्हणजे ही सही जुनी आहे! मी कॅमिओ संग्रहालयात नेऊन दाखवते."

"अजिबात नाही. एकदा नाक कापलं गेलं तेवढं बस झालं. काका उद्या यंत्रावर पाठ घासून देणार आहेत. विषय संपला."

मित्रांनो, विषय संपला होता तो माझा! पातळ पाठ यंत्रावर गेली, तर मी टिकेन की नाही, कुणास ठाऊक. पण भाची हटली नाही. "कॅमिओ घराबाहेर जाणार नाही ना? नको जाऊ दे. सहीचा ठसा तर जाईल!" तिनं मेण मळून मऊ केलं आणि माझी कड त्यात हलकेच दाबली.

आत्या कुरकुरत जवळ आली. मेणाकडे पाहिलं. "टि... ट... वी. ही टिटवी कोण आता?"

भाची अशी किंचाळली की सोनारकाकांची पक्कड खाली पडली. "आत्या, तू वाचलंस! ठशात ते सुलटं आलंय!"

मेणाचा तुकडा हातात धरून भाची पळत सुटली आणि चपला घालायचं विसरून आत्या तिच्यामागे. मी घरीच राहिलो, पुढचं सगळं मला नंतर भाचीच्या तोंडून कळलं. तज्ज्ञ बाईंनी तो ठसा पाहिला आणि एक खण उघडला. त्यात जुने शिक्के होते, काहींच्या कडेला तीच सही. 'वी'ची वेलांटी तशीच, माशाच्या गळासारखी आत वळलेली. "हा शिक्के कोरणारा हात आहे," बाई म्हणाल्या. "म्हणून सही उलटी आली. शिक्के कोरणाऱ्या टिटवीनं कॅमिओही कोरला होता, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं."

आत्या खुर्चीत बसली. "म्हणजे आईनं वस्तू खरीच घेतली होती," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

पाठीवरचं खोटं नाव बाईंनी घासू दिलं नाही, तेही माझ्या गोष्टीचाच भाग आहे म्हणाल्या. मला आता त्याचा राग नाही. प्रदर्शनात मी त्या शिक्क्यांच्या शेजारी बसलोय आणि माझ्यापुढे तो मेणाचा ठसा आहे. तुमच्यासारखी मुलं येतात, आधी ठसा वाचतात आणि मग माझी कड बघायला काचेला नाक लावतात.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी वस्तू असेलच. ती चकचकीत करायची घाई करू नका. आधी तिची पाठ बघा, कड बघा. कुणीतरी तिथे आपलं नाव ठेवून गेलं असेल आणि तुमची वाट बघत असेल. तुम्ही स्वतः काही केलंत, तर त्यावर सही करा. उलटी झाली तरी खोडू नका. टिटवी म्हणाली होती ना, ज्याला वाचायची असेल तो वाचेलच? थोडा उशीर झाला, पण वाचली बरं का!