अंगात वारं

पंचफुला शाळेतून आली आणि दप्तर टेकवायच्या आधीच म्हणाली, "बा, आज बाईनं आमच्या अंगात वारं भरलं."

माझं टाळकंच सरकलं. नागपूरला जाऊन धम्माची दीक्षा घेतल्याला सहा वर्षं झाली होती. अंगात येणं, घुमणं, लिंबू उतरवणं, सगळं मी माझ्या हातानं घराबाहेर काढलं होतं. आणि आता सरकारी शाळेतच पोरीच्या अंगात वारं?

"मंग काय केलं?" मी विचारलं.

"उताणं निजवलं. पोटावर पाटी ठेवली. मंग सगळ्याइनं आ आ केलं. गळा थरथरते, बा."

"पोराइले घुमाले लावते वाटते," अन्नपूर्णा म्हणाली. माझ्या बायकोला लवकर शंका येत नाही, मला येते. जानेफळात नव्यानं बदलून आलेल्या या सिंधूबाईंवर माझा पहिल्यापासून भरवसा नव्हता. फार गोड बोलायच्या, आणि गोड बोलणाऱ्यांनी आम्हाला कुठं बसवलं ते मी लहानपणापासून पाहिलेलं. पोरगी शिकावी एवढी एकच हौस मला होती. तरी दुसऱ्या दिवशी शाळेतून तिचं नाव काढायला निघालो.

आधी खिडकीतून पाहून घेतलं. पोरं उताणी पडलेली, पोटावर पाट्या. "नाकानं वारं घ्या," बाई सांगत होत्या. "पाटी वर गेली पाह्यजे. आता गळ्यातून हळूहळू सोडा. त्याचंच गाणं होते." पाट्या वर गेल्या, खाली आल्या. लिंबू नाही की कुंकू नाही. श्वासालाच बाई वारं म्हणत होत्या. मी मूर्ख ठरलो होतो, पण संशय काही जाईना.

मग बाईंनी पोरांना उठवलं, स्वतः खाली बसून सूर धरला आणि एकेकाला आपल्या गळ्याला हात लावायला बोलावलं. पाटलाचा पोरगा झाला, सोनाराची पोर झाली. आता कळेल, मी मनात म्हटलं. आता माझ्या पोरीला गाळतील.

"पंचफुला, ये. लाव हात."

बाईंनी मान पुढं केली. पोरगी जागची हलली नाही. दोन्ही हात तिनं पाठीमागे धरले होते. शाळेत घालताना मीच तिला दम दिला होता, कोणाले शिवू नोको, उगाच वाद नोको. ते तिनं इतकं पाळलं असेल असं मला वाटलं नव्हतं. मला स्वतःचीच लाज वाटली.

तेवढ्यात तिनं मला खिडकीत पाहिलं आणि ती घाबरली.

"लाव माय," मी म्हणालो. "हात लाव."