नर पिल्लांना भरवत नाही

दुर्बीणबाईंना कुणी चूक दाखवली तर त्या रागवत नसत; पण दाखवायला कुणी धजतच नसे, त्याला त्या काय करणार? पक्ष्यांवर सात पुस्तकं, शिक्षण सल्लागार म्हणून वीस वर्षं, आणि आवाज असा खणखणीत की मागच्या बाकावर डुलक्या घेणारा आपोआप ताठ बसावा. "पक्षी तुला पाहून उडतात आणि मुख्याध्यापक तुला पाहून दडतात," असं त्यांचा नवरा म्हणायचा. बाईंना ते प्रशस्तिपत्रकच वाटायचं.

त्या सोमवारचं काम मात्र नाजूक होतं. एका संस्थेच्या बारा शाळा. त्यातल्या एका शाळेत बाईंनी सहा महिन्यांपूर्वी चौथीच्या वर्गाला 'बघण्याचा तास' लावून दिला होता. पहिल्या तासाला मुलांनी अंगणात भिंतीशी बसायचं, एकच गोष्ट बघायची आणि जेवढं दिसलं तेवढंच वहीत लिहायचं. पुस्तक उघडायचं नाही, कुणाला विचारायचं नाही. आज संस्थेचे अध्यक्ष स्वतः वह्या बघायला येणार होते. पसंत पडलं तर हा तास बाराही शाळांत, नाही तर इथलाही बंद आणि त्या जागी गणिताचा जादा तास. अध्यक्षांचा कल कुठे आहे हे सांगायला ज्योतिषी नको होता.

अध्यक्ष आले तेच घड्याळ बघत. वर्गशिक्षकांनी बत्तीस वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. गेले अकरा दिवस मुलं अंगणातल्या झुडपावरचं शिंजिराचं घरटं बघत होती. शिंजीर म्हणजे जेमतेम अंगठ्याएवढा पक्षी. नर निळाकाळा नि चकचकीत, मादी साधी पिवळट. कोळ्याच्या जाळ्यात कागदाचे कपटे नि काटक्या गुंफून केलेलं त्यांचं घरटं फांदीला पिशवीसारखं लोंबत होतं.

अध्यक्षांनी एक वही उघडली, दुसरी उघडली, तिसरी उघडली. त्यांचा चेहरा खुलला.

"वा. सगळ्यांचं एकच. 'नर पिल्लांना भरवत नाही, तो फक्त जवळपास पहारा देतो.' बत्तीस मुलं आणि एकाचंही वेगळं नाही. मानलं बाई तुम्हाला."

बाईंनी हसत हसत हात पुढे करून वही घेतली आणि त्यांचं हसू जागच्या जागी थिजलं. वाक्य त्यांचंच होतं. त्यांच्या तिसऱ्या पुस्तकातलं, स्वल्पविरामासकट. वाक्याखालचा कागद खरवडून खरवडून पातळ झाला होता. दुसरी वही, तीच तऱ्हा. चौथीतल्या पोरांना इतक्या शहाण्या जागी स्वल्पविराम सुचतोय कुठला डोंबलाचा?

त्यांनी वर्गशिक्षक सरांना खिडकीशी नेलं. "काय खोडायला लावलंत?"

सरांनी आढेवेढे घेतले नाहीत. "पोरांनी भलतंच लिहिलं होतं, बाई. नर भरवतो म्हणून. एकदोघांनी नाही, वीसेक जणांनी. तुम्ही येणार, अध्यक्ष येणार, आणि वह्यांत तुमच्याच पुस्तकाच्या उलट? मला वाटलं, तुमची शोभा होईल. म्हणून पुस्तकातून उतरवून घेतलं."

माणूस वाईट नव्हता. बाईंची लाज राखायला गेला आणि त्यांच्याच तासाचा गळा घोटून बसला, एवढंच.

आता नुसतं गप्प बसलं की काम फत्ते. अध्यक्ष खूश, वह्या सुबक, बाराही शाळा पदरात पडल्यात जमा. तोंड उघडणं म्हणजे आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा. पण मुलांनी पाहिलेलं पुसायचं आणि त्यालाच 'बघण्याचा तास' म्हणून शाळाशाळांतून मिरवायचं, हे त्यांच्याच्याने होईना.

"साहेब, या वह्या खोट्या आहेत," त्या म्हणाल्या. "मुलांनी पाहिलंय एक आणि लिहिलंय माझ्या पुस्तकातलं. खरं काय ते घरट्यापाशीच बघू. बसता?"

"किती वेळ?"

"नर येईपर्यंत."

तो येईल याची त्यांना खात्री होती. ती कशाच्या जोरावर, हे त्या कुणाला सांगणार नव्हत्या.

अध्यक्षांना खुर्ची दिली, मुलं भिंतीशी बसली. दहा मिनिटं झाली. मादी तीनदा येऊन गेली. वीस मिनिटं झाली. अध्यक्षांनी 'झालं समाधान?' अशा नजरेने बाईंकडे पाहिलं. मुलं मात्र ढिम्म हलली नाहीत. बाईंना त्या पोरांचा मनापासून अभिमान वाटला. इतका वेळ इतकं शांत त्यांच्या ओळखीतलं एकही शिक्षक-मंडळ बसलं नसतं. तेवढ्यात पुढच्या ओळीतल्या मुलीने, जिला सगळा वर्ग चिमटी म्हणायचा तिने, तोंड न उघडता बोट वर केलं.

तारेवर नर होता, चोचीत कोळी. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, घरट्याच्या तोंडाशी लटकला आणि कोळी आतल्या उघड्या चोचीत कोंबला. थोड्या वेळाने पुन्हा आला, पुन्हा कोंबला. पोरांच्या पोटासाठी राबणारा बाप तो; त्याच्याबद्दल कुणी काय छापलंय याचं त्याला सोयरसुतक नव्हतं.

"म्हणजे पुस्तक चुकलं," अध्यक्ष म्हणाले.

"चुकलं."

"मग ज्यांचं पुस्तक चुकतं, त्यांच्या तासावर आम्ही बारा शाळा सोपवायच्या?"

"म्हणूनच सोपवा," बाई म्हणाल्या. आवाज तस्साच खणखणीत. "पुस्तक लिहिताना शिंजिराचं घरटं मी एकच सकाळ पाहिलं होतं. ती ओळ एका जुन्या ग्रंथातून घेतली. ही पोरं अकरा दिवस बसली. माझं खोटं आणि यांचं खरं ठरलं, ते याच तासामुळे."

अध्यक्ष खुर्चीतून उठले. "तास बाराही शाळांत लावू. तुमचं ते पुस्तक मात्र आमच्या ग्रंथालयांतून काढू. दुरुस्त होईपर्यंत."

"आजच काढा," बाई म्हणाल्या. म्हणून टाकलं खरं, पण लागायचं ते लागलंच. सातांमध्ये तेच त्यांचं लाडकं होतं.

मग त्या मुलांसमोर जमिनीवर बसल्या. "ऐका. पुस्तकातली ती ओळ मी बघून लिहिलेली नाही. तुम्ही आधी लिहिलं होतं तेच बरोबर होतं. ते पुन्हा लिहून काढा."

चिमटीने सरांकडे पाहिलं, मग बाईंकडे. "बाई, म्हणजे तुम्हालाही कुणी खोडायला लावलं होतं?"

सर मान खाली घालून उभे राहिले. अध्यक्ष निघाले होते, तेही थांबले. खरं तर बाईंना आता काहीच सांगायची गरज नव्हती. तास मिळाला होता, चूक कबूल करून झाली होती.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "त्या सकाळी मीही नराला भरवताना पाहिलं होतं. वहीत लिहिलंही होतं. संध्याकाळी मोठ्या माणसाचा ग्रंथ उघडला, त्यात उलट होतं. मला कुणीच लावलं नाही. माझं मीच खोडलं."