विस्तवावरचं बाळ

धाकटी विद्यापीठात ग्रीक पुराणकथा शिकवायची. घरी ती आणि आई, दोघीच. थोरली अगदी लहानपणी तापानं गेली, धाकटी तिच्यानंतरची. थोरलीचा विषय घरात कुणी काढत नसे.

एकदा भाजी निवडताना आईनं विचारलं, "सध्या काय शिकवतेस गं?"

धाकटीनं सांगितलं. धान्याच्या देवीची मुलगी पाताळाच्या राजानं पळवली. देवी म्हातारीचं सोंग घेऊन रानोमाळ हिंडली आणि एका घरी दाई म्हणून राहिली. तिथलं तान्हं बाळ अमर व्हावं म्हणून ती त्याला रोज विस्तवात धरायची. एकदा बाळाच्या आईनं ते पाहिलं, ती किंचाळली आणि सगळंच फिसकटलं.

"असलं कसलं गं वेड?"

"त्या काळी कितीतरी मुलं पाळण्यातच जायची, आई. ही कथा ऐकणाऱ्या बायकांनी एखादं तरी पुरलेलं असायचंच. त्यांना ते वेड वाटलं नसणार."

निवडून झालेली भाजी आईनं पुन्हा निवडायला घेतली.

पुढच्याच आठवड्यात तास रद्द झाला म्हणून धाकटी दुपारी घरी आली. शेजारीण आपल्या तान्ह्या बाळाला आईजवळ ठेवून दवाखान्यात गेली होती. स्वयंपाकघरात गॅस पेटलेला, वर भांडं नाही. आई बाळाला दोन्ही हातांवर घेऊन ज्योतीला अगदी लागून उभी होती आणि पुटपुटत होती, "चिमे, आता नाही हं जायचं."

चिमी म्हणजे थोरली.

धाकटीच्या घशाशी किंकाळी आली. ती तिनं गिळली. हळूच पुढं होऊन तिनं गॅस बंद केला.

"दे इकडे, आई. झोप आलीय त्याला."

आईनं निमूट बाळ दिलं. त्याचे तळवे चांगलेच ऊन लागत होते.

"गार पडले होते गं पाय," आई म्हणाली. "नुसती शेकत होते."

ते खरं होतं का, हे धाकटीला कधीच कळलं नाही. संध्याकाळी तिनं शेजारणीला काही न लपवता सांगितलं. शेजारीण आईशी पूर्वीसारखीच बोलत राहिली. बाळ मात्र पुन्हा घरात आलं नाही. भिंतीपलीकडे ते रडलं, की आई हातातलं काम टाकून भिंतीशी जाऊन उभी राही.

अशीच उभी असताना तिनं विचारलं, "गोष्टीतल्या त्या बाळाचं पुढं काय झालं?"

जुन्या ग्रंथांत याची दोन उत्तरं होती. एकात ते त्याच विस्तवात जळून जातं.

"मोठं झालं," धाकटी म्हणाली. "चारचौघांसारखं."

"म्हणजे मेलंच की शेवटी," आई म्हणाली, आणि पलीकडचं रडणं थांबेपर्यंत तिथून हलली नाही.