भट्टीत न गेलेला काळा

भैरू चोर निघाला, तर कोंडीरामचं भलं होणार होतं. चाकणजवळच्या एका सायलेन्सर बनवणाऱ्या कंपनीत कोंडीराम स्टोअर सांभाळायचा. स्टोअरमध्ये काळ्या रंगाचे तीन डबे कमी भरत होते आणि महिनाअखेरीला मोजणी लागणार होती. डब्यांपुढं लिहायला कुणाचं तरी नाव हवं होतं. भैरूचं लागलं की स्टोअरकीपर दक्ष ठरणार, चाव्या कमरेला राहणार, वर मॅनेजरसाहेबांची शाबासकी. एका नावात एवढं सगळं. सौदा वाईट नव्हता.

भैरू त्याच कंपनीच्या पेंट शॉपमध्ये स्प्रे मारायचा. होता कॉन्ट्रॅक्टवर, पण यंदा पर्मनंट होणाऱ्यांत त्याचं नाव होतं. साहेबांची सही तेवढी राहिली होती. सुट्टीच्या दिवशी त्याचा दुसराच धंदा. रावेतच्या टॉवरमध्ये भाड्यानं राहणारे परदेशी इंजिनियर मुदत संपली की मायदेशी जातात आणि बाल्कनीतली गॅस ग्रिल, म्हणजे कोंबडी भाजायची झाकणवाली मोठी शेगडी, मागं टाकून जातात. भैरू ती भंगारवाल्याकडून उचलायचा. चरबीचे थर खरवडायचे, बर्नरची बुजलेली भोकं तारेनं मोकळी करायची, नळी नवी घालायची, साबणाचा फेस लावून गळती बघायची आणि शेवटी काळा रंग. फार्महाउसवाले सांगून ठेवून नेत.

कोंडीरामच्या डोळ्यांत खुपला तो हाच रंग.

"आगीवर टिकणारा काळा, भावा," तो कँटीनमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तो कुणाकडं असतो? आपल्याकडं."

"गाड्यांच्या स्पेअरच्या दुकानातबी मिळतो की," भैरू म्हणाला.

"मिळतो ना. पण तिथं पैसे मागतात."

टेबल हसलं. भैरूही हसला, पण जेवणाचा डबा त्यानं लवकर बंद केला. कोंडीरामनं तेही टिपलं. नुसती भूक मेल्यावरही माणूस डबा बंद करतो, हे त्याच्या हिशेबात बसत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून गेटवरचा वॉचमन भैरूची पिशवी दोनदा चाचपू लागला.

मग कोंडीरामला पार्टी सुचली. चऱ्होलीत त्यानं नवं घर बांधलं होतं. वास्तुशांत रीतसर झाली होती, गच्चीवरची कोंबडी तेवढी बाकी होती. "भैरू, तुझी एक ग्रिल घेऊन ये. साहेबही येणारेत," त्यानं सांगितलं. बेत सरळ होता. साहेबांसमोर ग्रिल फुल पेटवायची. रंग टिकला, तर तो कंपनीचा. सोलला, तर भैरूचा माल खोटा. कसंही झालं तरी पडणार भैरूच.

भैरूला हे कळत नव्हतं असं नाही. पण नाही म्हणालो तर घाबरला म्हणतील, म्हणून तो आला. सगळ्यांत चांगली ग्रिल घेऊन आला.

वारा होता म्हणून कोंडीरामनं ग्रिल गच्चीच्या नव्याकोऱ्या काळ्या रेलिंगला खेटून लावली, बरोबर दिव्याखाली.

"भाऊ, जरा लांब घेऊया. रेलिंगला धग लागंल."

"का रे? दिव्याखालनं हलवायची एवढी घाई?"

भैरूनं गॅस सोडला. ग्रिल पेटली. तंगड्या तडतडल्या. पेंट शॉपची पोरं प्लेटा घेऊन कोंडाळं करून उभी, पण सगळ्यांची नजर कोंबडीपेक्षा झाकणावर. झाकण तापलं, धुरकटलं, रंगाचा पापुद्रासुद्धा हलला नाही.

"बघा साहेब!" कोंडीरामचा आवाज चढला. "इतकी धग, आणि ढिम्म हलत नाही! आपलाच माल हा. तीन डबे कुठं गेले ते आता मी सांगायला नको."

साहेबांनी भैरूकडं पाहिलं. "काय रे?"

"दुकानातला हाय साहेब. झाकण लावून बर्नर बारीक ठेवून दिवसभर भाजलाय, तवा कुठं पक्का झालाय." भैरूनं चिमट्यानं एक तंगडी पलटली. "आता खरंच सांगायचं, तर कंपनीचाबी असा भाजला असता, तर असाच दिसला असता."

हे ऐकून पोरांनी कपाळाला हात लावला. सही तिथंच हुकली म्हणायची.

साहेब विचार करत मागं सरकले, रेलिंगला टेकले आणि झटकन सरळ झाले. पांढऱ्या शर्टावर पाठभर काळे पट्टे. हाताचा पंजाही काळा. त्यांनी पंजा नाकाशी नेला. साहेबांची पहिली नोकरी पेंट लाइनवरचीच.

"हा आपला काळा आहे," ते हळू म्हणाले. "भट्टीत न गेलेला."

पोरांना पुढचं सांगावं लागलं नाही. कंपनीचा रंग भट्टीतून निघाल्याशिवाय पक्का होत नाही. वरून वाळल्यासारखा दिसतो, धग लागली की पाझरतो. ग्रिल स्वतःची भट्टी स्वतःच होते. रेलिंग कुठल्या भट्टीत घालणार? हे पेंट शॉपच्या झाडूवाल्यालाही ठाऊक. कोंडीरामनं मात्र आयुष्यभर डबे बंदच पाहिलेले.

"कोणी लावला असेल कुणास ठाऊक," कोंडीराम म्हणाला, "पेंटर बाहेरचा होता..."

तेवढ्यात त्याची बायको पूनम भाकरीची टोपली घेऊन वर आली. साहेबांची पाठ पाहून तिची टोपलीच कलंडली.

"अगं बाई! अजून ओलाच? मी म्हणत होते पांढरा लावा. पण ह्यांनी कंपनीतनं तीन डबे आणलेले ना, स्वस्तात मिळाले म्हणून!"



आता कुणाच्या पदरात काय पडलं ते पाहू. कोंडीरामच्या चाव्या गेल्या. तो आता ट्रकमधला माल उतरवून घेतो. साहेबांचा शर्ट गेला. भैरूला सही मिळाली, पण त्याची पिशवी वॉचमन अजून दोनदाच चाचपतो. सवय लागलीय म्हणे. आणि चऱ्होलीतली रेलिंग काही सुकलेली नाही. पूनम सकाळी थिनर आणि चिंध्या घेऊन एकेक गज पुसते, उन्हं चढली की रंग पुन्हा सुटतो, मग गजांवर वाळत घातलेली धुणी ती पुन्हा धुते. कंपनीच्या कुठल्याच हजेरीत तिचं नाव नाही. भरपाई तीच करतेय.