हिराची कावीळ

हिराच्या ओठांचे दोन्ही कोपरे फाटले होते आणि जीभ सोलल्यासारखी लाल झाली होती. तिखटाचा घास घेतला की पोरीच्या डोळ्यांतून पाणी यायचं. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर चढल्या की दातिवऱ्यात असली तोंडं घरोघरी दिसत. त्याचं कुणाला नवल नव्हतं. पण नारळीपुनवेनंतर गोदूबाई हिराला बघायला येणार होती. तिचा मुलगा महादू तारापूरला विजेच्या कारखान्याच्या बांधकामावर लागला होता, महिन्याचा पगार घरी आणत होता. असं स्थळ विधवेच्या दारात पुन्हा कशाला येतंय! फाटक्या तोंडाची सून कोण नेईल, या धास्तीने काशीबाई लेकीला पालघरच्या एका डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टरने जीभ बघितली. "हिला रिबोफ्लेविन कमी पडतंय. जीवनसत्त्व असतं ते. दूध, अंडी, पालेभाजी देता का?"

घरात कोंबडी होती, पण अंडं हिराच्या भावाच्या, एकनाथच्या ताटात जायचं. होडीवर जाणारा मुलगा तो! पोरीला भात आणि कालवणाचं पाणी. पोरीच्या जातीला काय लागतंय, ही आपल्याकडची जुनी अक्कल. डॉक्टरने पिवळ्या गोळ्यांची पुडी हातात ठेवली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

गोळ्यांनी गुण दिला. कोपरे भरत आले, हिरा तोंड उघडून हसू लागली. आणि एका सकाळी ती आईच्या कानाशी लागली, "आये, लघवी हळदीवानी पिवळी व्हते."

काशीबाईच्या पायांखालची वाळू सरकली. तिचा नवरा भगवंत काविळीनेच गेला होता. 'वेळेवर डाग दिला असता तर जगला असता,' असं गावाने तिला तेराव्यालाच सुनावलं होतं, आणि ते तिच्या काळजात रुतून बसलं होतं. आता ती थांबणार नव्हती. गोळ्या फळीवर गेल्या आणि हिरा नवशाकडे. नवशा कावीळ उतरवायचा, म्हणजे विळा लाल तापवून मनगटावर टेकवायचा. हिरा किंचाळली. पण लघवी लगेच स्वच्छ झाली, आणि नवशाच्या हाताला यश आहे असं जो तो म्हणू लागला.

गोदूबाई आली. हिराने चहा पुढे केला, तेव्हा तिने कप घ्यायच्या आधी मनगट धरलं. किनाऱ्यावर तो डाग कुणाला कळत नाही?

"कावीळ कवा झाली व्हती गो?"

"उतरली आता," काशीबाई घाईने म्हणाली. "नवशाने उतरवली."

"उतरली आसंल. पण हिचा बापूस बी काविळीनंच गेला ना?"

चहा तळापर्यंत पिऊन गोदूबाई गेली. निरोप नकाराचाच आला.

इकडे गोळ्या सुटल्या तसे ओठ पुन्हा फाटू लागले. काशीबाई उरलेली पुडी घेऊन तणतणत पालघरला गेली. "तुमच्या गोळ्यांनी माज्या पोरीला कावीळ झाली!"

डॉक्टर हसला. हसला मेला! "अहो, गोळीचाच रंग तो. अंगाला लागतं तेवढं राहतं, बाकीचं लघवीवाटे जातं. गोळी थांबवली की रंग गेला. कावीळ कुठली?"

"मंग ह्ये तवाच सांगाया काय झालं व्हतं?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

परतीच्या वाटेवर तिने डॉक्टरला शिव्या घातल्या, नवशाला घातल्या, गावाला घातल्या. मग शिव्या संपल्या आणि ती एकटीच उरली.

हिरा दारातच उभी होती. "काय बोलला डाक्तर?"

खरं काशीबाईच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण पोरीचं तोंड बघून तिची छाती झाली नाही. "बोलला, कावीळच व्हती. वेळेवर डाग दिला म्हणून निभावलं."

हिराने तिच्या गळ्यात हात टाकले. "मंग लगीन मोडलं तर मोडू दे, आये. तू व्हतीस म्हणून मी वाचले."